पावणेबाराचा भात

एखाद्या सत्कार समारंभात भाषणं चालू असताना मागून फोडणीचा वास आला, की मला नाशिकच्या आमच्या वसाहतीतला नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो. भिक्षुणींना राहण्यासाठी दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि उद्घाटनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. चार भिक्षुणी आल्या होत्या. पाचवी त्याच सकाळी मुंडन करून दीक्षा घेतलेली, आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींची मुलगी. मावशी धुसफुसत होत्या, "पोटच्या पोरीला माताजी म्हणू? मला नाय जमायचं." प्रमुख पाहुणे साडेअकराला उगवले आणि त्यागावर बोलू लागले. भिक्षुणींना दुपारी बारानंतर जेवता येत नाही, आणि वाढा असं सांगताही येत नाही. पाचही जणी रिकामी भिक्षापात्रं घेऊन शांत बसून होत्या. मी पाठवलेल्या दोन चिठ्ठ्या पाहुण्यांनी न वाचताच खिशात घातल्या. पावणेबाराला मावशी भाताचं पातेलं घेऊन थेट मंचापुढे आल्या. "साहेब, तुमचं चालू द्या. बारा वाजले तर यांना उद्यापर्यंत उपास, तुम्हाला नाय." पाहुण्यांनी खरोखरच चालू ठेवलं. मावशींनी चौघींना वाढलं. मुलीपुढे हात थबकला. मग तिचं पात्र काठोकाठ भरून त्या गुडघ्यांवर बसल्या, डोकं टेकवलं आणि हळूच म्हणाल्या, "जेवा, माताजी. गरम हे, सावकाश." आता तिथे दुमजली इमारत आहे, त्या मुलीला सगळे थोरल्या माताजी म्हणतात, आणि भाषणं जेवणानंतर होतात.