आईच्या कंप्युटरला हात कोणी लावायचा

अन्याय माझ्या आईवर झाला. दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ तिला पक्की आठवते, कारण तेव्हा तिच्या हातात पूजेचं ताट होतं आणि झेंडूचं तोरण अजून व्हायचं म्हणून ती घड्याळाकडे पाहत होती. कंप्युटर दुरुस्त करणारा माणूस खुर्चीतून उठला, हात झटकले आणि म्हणाला, "झालं काकू. वायरस होता. नवा कोरा करून दिला. लावा आता हळदी-कुंकू."

नवा कोरा म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलेलं. आईला न विचारता.

त्यात आईची चौऱ्याण्णव गाणी होती.

आमचं घर कोराडीच्या वीज केंद्राच्या स्टाफ कॉलनीत. बाबा पाळीच्या ड्यूटीवर, मी कामासाठी शहरात, प्रताप नगरात खोली घेऊन राहते, त्यामुळे दिवसभर घरात आई आणि कंप्युटर. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई मांडतात, घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात. कॉलनीत बायका कुठून कुठून आलेल्या, प्रत्येकीच्या माहेरची गाणी वेगळी. नव्या मुलींना मात्र चार-पाचच येतात, तीही अर्धी. तर आईने तीन वर्षं बसून ती गोळा केली. कोणी भाजी निवडता निवडता म्हणे, कोणी फोनवर. दोन बोटांनी आई टाइप करायची. त्या कोजागिरीला त्यांचं पुस्तक छापून कॉलनीतल्या प्रत्येक मुलीच्या हातात द्यायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं. कोजागिरीला सहा दिवस उरले होते.

सगळ्यात जुनं गाणं रामटेकच्या एका आजीचं. आईच्या आत्याची शेजारीण. ते गाणं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि आजी त्याच उन्हाळ्यात गेली होती.

आईने मला दोन दिवस काही सांगितलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसने घरी आले तेव्हा पुरणपोळी वाढता वाढता म्हणाली, "गाणी गेली वं. माझीच चूक झाली. मले काही समजत नाही त्याच्यातलं."

मी ताट बाजूला सारलं. मी काय करते हे आधी सांगते. मी पत्रकं लिहिते. नळाच्या वेळेसाठी, बसच्या फेऱ्यांसाठी, बंद पडलेल्या दिव्यांसाठी. लिहिते, वाटते आणि चौकात उभी राहून वाचूनही दाखवते. अन्याय झाला की तो कोणी केला, कधी केला, हे पहिल्या ओळीत लिहायचं, हे मला शिकवलेलं आहे. मी तशीच उठून त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले.

"तुम्ही विचारलं का त्यांना, आत काय आहे म्हणून?"

दुकानदार तिशीचा, गोड बोलणारा. "ताई, तुम्ही काहून तापून राहिल्या? घरच्या बायांच्या कंप्युटरमध्ये काय असते? रेसिप्या, नाहीतर देवाचे फोटो. ते तर पुन्हा भेटते. उलट मी त्यायले दोनशे जुने सिनेमे भरून दिले, फुकट!"

हे सिनेमेच मारक ठरले. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. पण या भल्या माणसाने भेट म्हणून त्या जागेवर सिनेमे ओतले होते. कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने पुढे, मशीन धड चालू लागल्यावर, दिवसभर बसून शोधलं. हाती आले सत्तावीस तुकडे, कुठे अर्धी ओळ, कुठे अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

त्या दिवशी दुकानातून आल्या आल्या मी जाहीर केलं, "मी याच्यावर पत्रक काढते. कॉलनीत घरोघरी टाकते."

आई कणीक मळत होती. वर न पाहता म्हणाली, "काढ ना. पत्रक काढल्यानं गाणी येतील का?"

एवढ्या वर्षांत माझ्या एकाही पत्रकावर असा सवाल कोणी केलेला नाही.

आणि मग, आमच्या डोळ्यांसमोर, तो नवा कोरा कंप्युटर वीस मिनिटं चालून खटकन बंद पडला. दुकानदाराला बोलावण्याआधी पडायचा, अगदी तसाच. म्हणजे वायरस नव्हताच. ज्यासाठी गाणी पुसली, ते दुखणं जिथल्या तिथे.

कंप्युटरच्या डब्यावर दुकानाचा एक स्टिकर होता: 'उघडल्यास वॉरंटी बाद'. वॉरंटी कधीच संपली होती, पण त्या चिटोऱ्याचा धाक शाबूत होता. आईने कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. वर तिने स्वतः भरलेलं मोराचं कव्हर. कोराडीत राख असते. खिडकीची फळी सकाळी पुसली तर दुपारी बोट उमटतं. म्हणून कंप्युटरला राख लागू नये यासाठी आई ते कव्हर काढतच नसे. चालू असतानाही नाही. दरवर्षी खंडेनवमीला मात्र कव्हर निघे आणि जाळीवर हळद-कुंकू वाहिलं जाई.

मी स्टिकर फाडला. आईने डोळे मिटून घेतले, जसं काही स्फोटच होणार. बटण बंद, प्लग काढलेला, चार पेच फिरवले आणि बाजूचा पत्रा सरकवला.

"अगं बाई!" आई म्हणाली. "हे तर गोधडी हाय!"

आतल्या पंख्यावर आणि त्याच्याखालच्या पत्र्यांच्या फटींत राख दबून बसली होती, राखाडी, दाबलेल्या लोकरीसारखी. मध्ये हळदी-कुंकवाचे लाल-पिवळे थर, एकेका दसऱ्याचा एकेक. वारा आत जायला जागा नव्हती. डोकं तापलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडत होतं, एवढंच. आम्ही त्याला राखेपासून जपलं, म्हणून ते गुदमरत होतं.

आता कबुली. पत्रकात ही ओळ मी घातली नसती, पण इथे घालते. आईला त्या डब्यापासून दूर ठेवणारा दुकानदार एकटा नव्हता. "आई, तू हात लावू नको, मी आल्यावर पाहते," हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत होते. मी महिन्यातून एकदा येत होते. दुकानदाराचा स्टिकर मी फाडला. माझा स्टिकर आईच्या मनावर तसाच चिकटलेला होता. म्हणून तर ती 'माझीच चूक' म्हणाली.

मी ब्रश तिच्या हातात दिला.

"मी?"

"तूच. तुझं मशीन हाय ना?"

तिने आधी हात धुऊन पुसले, मग मी सांगितलं तसं धातूच्या पत्र्याला बोट टेकवलं, अंगातली वीज उतरावी म्हणून. एका बोटाने पंख्याचं पातं धरलं, ते गरागरा फिरू नये इतकं, आणि दुसऱ्या हाताने रंगाचा मऊ ब्रश फिरवू लागली. तांदूळ पाखडताना तिचे हात जसे चालतात तसे. मी माझ्या मैत्रिणींना हे काम करताना पाहिलं आहे. एवढं नीट कोणी करत नाही. अर्ध्या तासाने मशीन लावलं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. आई त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसली होती, दूध उतू जायची वाट पाहावी तशी. दीड तासानेही ते चालूच होतं, आणि आवाज इतका कमी की तिने कान लावून पाहिला.

तिथून पुढे मी तिला शिकवलं असं म्हणणं खोटं ठरेल. मी एकेक गोष्ट सांगत गेले आणि ती प्रत्येक गोष्टीला सवाल करत गेली. मशीन सुरू होताना सोबत आठ-नऊ प्रोग्राम आपोआप उठतात, म्हणून ते रेंगाळतं, असं मी म्हटलं. "बोलावलं कोणी त्यायले?" म्हणत तिने एकेक बंद केला. मशीन 'जड होते' म्हणून दुकानदाराने अपडेट बंद करून ठेवले होते. आईने ते चालू केले आणि दर शनिवारी, उपासाच्या दिवशी, स्वतः तपासायचं ठरवलं. "पोटाले सुट्टी असते, तेव्हा याचं पाहीन."

पासवर्डचं तर विचारूच नका. कॉलनीतल्या प्रत्येक घराला त्याच दुकानदाराने पासवर्ड लावून दिला होता, आणि सगळ्यांचा एकाच साच्यातला: कुलदैवत आणि पुढे क्वार्टर नंबर. कोणाचं कुलदैवत कोणतं हे लग्नपत्रिकांवर छापलेलं. क्वार्टर नंबर दारावर रंगवलेला. कुलूप लावून किल्ली त्याच दारावर टांगण्याचा प्रकार. आई हसत हसत खुर्चीतच वाकली. "बाप्पा! म्हणजे मी शेजारीणबाईचा पण उघडू शकते?" मग गंभीर झाली. "आणि ती माझा." मी म्हटलं, चार-पाच शब्दांचं लांब वाक्य ठेव, तुझ्याशिवाय कोणाला सुचणार नाही असं. तिने ठेवलं. मला आजवर सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं, दोन्ही वेळा म्हणाली, "तुले काहून पाहिजे?"

पण खरी गोष्ट घडली ती प्रतीची. मी सांगायला सुरुवात केली होती, की जे महत्त्वाचं आहे त्याची एक प्रत वेगळी, दुसऱ्या जागी... आईने मला थांबवलं.

"विरजण."

"काय?"

"दही वाढायच्या आधी विरजण काढून ठेवायचं. आणि आपलं मांजरीनं सांडलं तर शेजारून आणायचं. हेच ना?"

हेच. एवढंच. सगळ्या जगाच्या सुरक्षिततेचं मूळ तिच्या स्वयंपाकघरात रोज घडत होतं आणि आम्ही शहाण्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की तुला यातलं समजत नाही.

त्या कोजागिरीला पुस्तक निघालं नाही. भुलाबाईपुढे मुलींनी तीच अर्धी गाणी म्हटली आणि आई टाळ्या वाजवत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बायका आल्या. काही रुसल्या, "तेव्हा सांगितलं होतं ना, आता आठवत नाही." आईने चहा पाजून आठवायला लावलं. रोज टायपिंग संपलं की दोन पेनड्राइव्हवर प्रत. एक मसाल्याच्या कपाटात, एक महिन्याअखेर रामटेकला तिच्या आत्याकडे. दोन्हींना कुलूप, तिच्या लांब वाक्याचं.

मधे एकदा मी घरी असताना फोन आला. कोणी हिंदीत सांगत होता की तो मोठ्या कंपनीतून बोलतोय, तुमच्या कंप्युटरमध्ये वायरस दिसतोय, मी सांगतो ते बटण दाबा. आई शांतपणे म्हणाली, "भैया, हमारे यहाँ वायरस नहीं रहता. राख रहती है. वो मैं खुद निकाल लेती हूँ." आणि फोन ठेवून पुन्हा मिरच्या खुडू लागली. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. याच्याइतकं नेमकं एकही नाही.

मग गेल्या वर्षी, भुलाबाई बसल्यानंतर आठवड्याभरात, कंप्युटरमधली सगळं साठवणारी डिस्क खरोखरच मेली. टकटक आवाज करत. या वेळी ना राख, ना कुंकू. तिचं वय झालं होतं. मी फोनवर ओरडले, "आई, गाणी!"

"अवं, ओरडते काहून? विरजण हाय ना."

नवी डिस्क बाबांनी आणली, आईने पेच काढून बसवली, पेनड्राइव्ह लावला. सगळी गाणी जिथल्या तिथे. कोजागिरीच्या संध्याकाळी मुलींच्या हातात पुस्तक होतं. आईने एक प्रत दुकानदारालाही नेऊन दिली. म्हणाली, "घ्या भाऊ, रेसिप्या." त्याने पानं उलटली, मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "काकू, ते राखेचं... आतून कसं साफ केलं?" आईने त्याला सांगितलं, अगदी पात्याला बोट कसं धरायचं इथपर्यंत. तिच्या जागी मी असते तर सांगितलं नसतं.

पुस्तकात त्र्याण्णव गाणी आहेत. रामटेकच्या आजीचं पान कोरं आहे. आईने कोणाकडूनही ते पान भरून घेतलं नाही. खाली तिने एकच ओळ छापली आहे: 'इथे एक गाणं होतं. आम्ही ते जपलं नाही.'

त्या 'आम्ही'मध्ये मी आहे. आणि तुमच्या घरात कोणाला तरी "तू हात लावू नको" म्हणत असाल, तर तुम्हीही आहात.

म्हणून मागणी अशी. हे वाचून झालं की उठा. घरातल्या ज्या व्यक्तीला त्या मशीनपासून दूर ठेवलं आहे, तिला खुर्चीवर बसवा, तुम्ही उभे राहा. आत काय आहे जे पुन्हा मिळणार नाही, हे तिला विचारा. त्याची प्रत आज काढा, तिच्या हाताने. रविवारी नाही. दसऱ्याला नाही. आज.