नगरच्या प्रदर्शनातली नाणी

दुष्काळाचं साल होतं. जामखेडला टँकर आला तर आला, नाही तर रिकामे हंडे रांगेत उन्हात तापत पडलेले. अशा दिवसांत आमचे हे नगरला नाण्यांचं प्रदर्शन बघायला गेले आणि तीन जुनी नाणी विकत घेऊन आले. वर मला म्हणतात कसे, "वाटीभर स्वच्छ पाणी दे गं. ह्यांना भिजत घालायचंय."

"माणसांना प्यायला नाही आणि तुमच्या बादशहांना आंघोळ हवी होय?" मी वाटी आपटली, पण पाणी दिलं. हे हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या मळक्या चकत्यांवर काय आहे ते मलाही बघायचंच होतं.

मग रोज शाळा सुटली की आम्ही दोघं ओसरीवर भिंग घेऊन बसायचो. मऊ दातवणानं मळ हळूहळू काढायचा, नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की चित्र वर यायचं. दोन नाणी ग्रीक राजांची निघाली. टोप घातलेला राजा, भोवती ग्रीक अक्षरं, आणि उलट्या बाजूला ढाल घेतलेली देवी. हे पुस्तकातल्या चित्राशी एकेक अक्षर ताडून बघायचे. तिसऱ्यावर कपाळाला पानांची माळ बांधलेला एक नकटा माणूस होता, आणि त्याच्या मागची अक्षरं मला चक्क वाचता आली. ए, व्ही, जी.

"अगं, ही रोमन बादशहांची पदवी!" हे एवढ्यानं ओरडले की शेजारच्या काकू डोकावल्या. मला इतका आनंद झाला! सातवी पास बाई मी, आणि रोमचा बादशहा मी ओळखला होता.

आता नाणी खरी, की कुणी साच्यात ओतलेली नक्कल? ते वजनावरून ठरतं म्हणे. हे उठले आणि पेठेतल्या सोनाराकडे जाऊन तिन्ही नाणी तोलून आले. वजन पुस्तकाशी जुळलं. स्वारी शीळ घालत घरी आली. आणि तिथंच माशी शिंकली.

कारण मी पायाळू. जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. पायाळूची लाथ बसली की पाठीतली उसण जाते असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे गल्लीतलं प्रत्येक वाकडं झालेलं माणूस माझ्या दारात. मीही घालायची लाथ. नव्या सुनेला वडीलधाऱ्यांना लाथा घालायची मुभा दुसरीकडे कुठे मिळणार! पण पायाळूबद्दल आणखी एक मानतात. त्याच्या डोळ्यांत मंतरलेलं काजळ घातलं, की त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं. आता बघा, गुरुजींच्या खिशात जुनी नाणी आणि गुरुजींची बायको पायाळू. सोनाराच्या दुकानातून ही गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

आधी मला हसू आलं. मग नाही आलं. त्याच सुमाराला शेजारच्या जिल्ह्यातून गुप्तधनापायी बायकापोरींचे बळी दिल्याच्या बातम्या कानावर येत होत्या. पाण्याच्या रांगेत बायका त्या दबक्या आवाजात सांगायच्या, आणि आता मी जवळ आले की गप्प व्हायच्या.

एका दुपारी हे शाळेत असताना दार वाजलं. नाल्याकडेला जमीन असलेला एक शेतकरी होता. चांगला ओळखीचा, माझ्याकडून पाठ बरी करून घेतलेला. सोबत एक अनोळखी माणूस, कपाळभर शेंदूर फासलेला. तो नुसता माझ्या पायांकडे बघत राहिला.

"वैनी, अवसंला जरा रानात यायचं," शेतकरी हात जोडून म्हणाला. "डोळ्यात काजळ घालायचं, कुठं काय दिसतंय का तेवढं सांगायचं. लगीच माघारी आनून सोडतो. तुमचाबी वाटा काढू की!"

"नाणी विकत आणलीत हो! नगरहून!"

"व्हय, व्हय," तो समजुतीनं हसला. "समदे असंच म्हनत्यात."

मी दार लावून घेतलं. कडी घातली आणि वर दाराला पाटा लावला. हे येईपर्यंत मी चुलीपाशी अंग चोरून बसले होते. तहान लागली होती, पण माठापर्यंत जायची छाती होत नव्हती.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अज्ञान आहे गं. मी समजावून सांगतो." शनिवारी मारुतीच्या देवळात माणसं जमली, तेव्हा ह्यांनी तिन्ही नाणी रुमालावर मांडली. हा ग्रीक राजा, हा रोमचा बादशहा, ही त्यांची देवी. झकास सांगितलं हो! लोक माना डोलवत होते. मी बायकांत मागे उभी होते, आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला.

तेवढ्यात त्या शेतकऱ्यानं विचारलं, "पर गुरुजी, तिकडल्या बादशाचा पैका आपल्या मुलखात कसा आला?"

"व्यापारानं!" हे रंगात आले होते. "त्या काळी आपला माल तिकडे जायचा. अहो, अशी नाणी आपल्याकडे जमिनीतसुद्धा सापडतात."

मग एकेक मान वळली, माझ्याकडे. मी खांब धरला. ह्यांनी माझं तोंड बघितलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं.

"मंग आमच्या रानातबी असंल की," शेतकरी म्हणाला. "वैनीला येऊ द्या एकडाव."

"ती नाही येणार," हे म्हणाले. "मीपण पायाळूच आहे. मी येतो."

धडधडीत खोटं! आयुष्यात एक थाप मारली नव्हती ह्या माणसानं. शेतकऱ्याशेजारी बसलेल्या शेंदूरवाल्यानं नाराजीनं मान हलवली, पण भर देवळात गुरुजींना नाही कोण म्हणणार?

अवसेला सकाळी बैलगाडी आली. मी पाय धरले, रडले, वाट्टेल ते बोलले. "मी गेलो नाही तर ते तुझ्यासाठी परत येतील," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले. तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. काकू माझा हात धरून बसल्या होत्या. रस्त्यावर गाडी वाजली की मी दाराकडे धावायची.

दिवस कलता हे चालत आले. गालांवर काजळाचे ओघळ, डोळे लालभडक. मी पदरानं तोंड पुसायला गेले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काही दिसत नाही म्हणून सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "पण अगं, जागा शोधायला नेलं होतं ना मला? खड्डा आधीच खणलेला होता. आणि काठावर हिरवं लुगडं, चोळी, बांगड्या. सगळं कोरं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. ह्यांनी बदली मागून घेतली, आणि जामखेडला मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पुढे कुणी कुणी म्हणायचे, तुम्ही उगीच घाबरलात, पायाळू सवाष्णीची ओटी भरायला आणलं असेल ते लुगडं. असेल बाई. पण ओटी भरायला खड्डा कशाला लागतो?