पुन्हा लंगडून दाखव

टाल्कम पावडरचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. सातवीत शाळा सोडून मी लांबून वसईला कारखान्यात आलो आणि पाय मोडून बसलो. दवाखान्यात तळपायांना पावडर फासून काळ्या कागदावर चालवत; चालीचा अभ्यास करणारे डॉक्टर पावलं मोजत. व्यायाम घेणाऱ्या, जवळच्याच सांडोर गावच्या बाईंनी सहा महिने खपून मला सरळ चालवलं होतं. एकदा डॉक्टर म्हणाले, "तुझा पहिल्या दिवशीचा कागद हरवला. तेव्हासारखंच लंगडून दाखव." नाही म्हटलं तर फुकटचे उपचार थांबतील या भीतीनं मी लंगडलो. बाई कडाडल्या, "मेल्या, माझ्या मेहनतीची माती करतोस? सरळ चाल! डॉक्टर, हवं तर तुम्ही लंगडा!" डॉक्टरांचा राग आजही येतो; पण "हो साहेब" म्हणत दोन पावलं लंगडलो, त्या माझा स्वतःचा जास्त येतो.