साडूंचे नऊ टॅब

ठाण्याच्या बाळकुमपासून कल्याणपर्यंत शोधलंत तरी माऊसचा आमच्या साडूंइतका तिरस्कार करणारा माणूस सापडणार नाही. बाळकुमच्या घरी बसून ते कुठल्याशा कंपनीची दूरची यंत्रं सांभाळतात, आणि तीही फक्त हुकूम टाइप करून. सकाळी आंघोळ उरकून कॉम्प्युटरसमोर बसायचं, ‘सकाळ’ एवढंच टाइप करायचं, की त्यांनी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट नऊ काळे टॅब ओळीनं उघडते. एकेका यंत्राचा एकेक टॅब; प्रत्येकाला नाव, आणि तिथे पोचायला एकेक आकडा. “हात कीबोर्डवरून उठला की लक्षही उठतं,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा कल्याणला आमच्याकडे आले, तर माझा माऊस उचलून त्यांनी फ्रिजवर ठेवला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही आकडे आहेत. “पाच द्या” म्हणजे साखर. “संसार मी करते, नंबर हे घालतात,” असं मेव्हणीबाई म्हणतात. एंटर दाबण्याआधी टॅबचं नाव मोठ्यानं वाचायची तर साडूंना इतकी सवय, की शेजाऱ्यांना वाटायचं, गृहस्थ जप करतात.

गेल्या वर्षी ते सोसायटीच्या जिन्यात घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकं त्याच आठवड्यातल्या शनिवारी जुन्या यंत्रावरचं सगळं काम नव्या यंत्रावर न्यायचं होतं. सहा महिने त्यांनी त्याची तयारी केलेली. अर्ध्या तासात उरकायचं काम, एका डाव्या हाताला झेपणारं नव्हतं; आणि ते दुसऱ्या कुणी करावं ही कल्पनाच त्यांना सोसेना. मग मला फोन आला. “साडूबुवा, बोटं घेऊन या. डोकं नाही आणलंत तरी चालेल.”

गेलो. ते आकडे सांगत होते, मी दाबत होतो. सगळं नव्या यंत्रावर पोचलं, आता जुनं तेवढं रिकामं करून बंद करायचं राहिलं. मी हुकूम टाइप केला आणि एंटरवर बोट नेलं.

“अहो, नाव वाचा आधी!” साडू ओरडले.

“नवीन,” मी वाचलं, आणि बोट झटकन मागे घेतलं. एंटर दाबलं असतं तर जुन्याऐवजी नवंच यंत्र रिकामं झालं असतं आणि त्यांची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती. साडू रागावले नाहीत. “हुकूम पुसा. दोनवर जा, जुनं तिथं आहे,” एवढंच म्हणाले.

काम फत्ते झाल्यावर चहा पिताना ते म्हणाले, “तुमची बोटं ऐकतात हो.” अख्ख्या नोकरीत मला अशी शाबासकी मिळाली नव्हती. पुढचा महिनाभर मी रोज कल्याणहून त्यांच्याकडे जात होतो.

आता प्लास्टर निघूनही बरेच दिवस झाले. मी अजूनही अधूनमधून जातो, शेजारी खुर्ची ओढून बसतो. त्यांची बोटं भराभर चालतात आणि मला करायला काहीच नसतं. ते बरे झाले याचा आनंद आहेच. पण खरं सांगतो, ते प्लास्टर आणखी आठवडाभर राहिलं असतं, तर माझी काही हरकत नव्हती.