मामा तलावावरचा वाढलेला संसार

आमच्या घरगाडीच्या पहिल्याच मुक्कामाहून परत येताना आम्ही एक गादी आणि एक बादली एवढं सामान न विसरता आणलं. बाकीचा संसार तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राहिला, आणि तोही मी सासऱ्यांची आज्ञा अक्षरशः पाळल्यामुळे. (आज्ञाधारक जावई किती महागात पडतो, हे आमच्या सासुरवाडीला तोवर माहीत नव्हतं.)

घरगाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून तिच्यात पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. गोरे लोक अशा गाडीतून जग फिरतात, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली की जग राहू द्या, आधी बाबांना पटवा. कारण सासरेबुवांना काशीला जायचं होतं, आणि न्यायला दोन उमेदवार होते. एक माझा साडू. त्याच्याकडे नवी कोरी, थंडगार गाडी आणि तसंच थंडगार हसू. दुसरा मी. सासरेबुवांनी निकाल दिला की एक रात्र जवाईबापूंच्या गाडीत काढून पाहू, जमलं तर काशीही त्याच गाडीतून. थोडक्यात, माझी परीक्षा होती, आणि साडू नापासाची बातमी ऐकायला फोन उशाशी घेऊन बसला होता.

साकोलीजवळच्या एका मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, आम्ही मुक्काम केला. रात्र झकास गेली. सासरेबुवा इतके घोरले की पलीकडच्या काठावरचे कुत्रे भुंकायचे थांबले. सकाळी चहा पिऊन ते सासूबाईंना आणि माझ्या बायकोला घेऊन पाळीच्या दुसऱ्या टोकाच्या महादेवाला निघाले. जाताना मला कामं नेमून दिली.

"जवाईबापू, आमी येतो देवाले जाऊन. तोवर चूल वाढवा, सामान वाढवा, ताडपत्री वाढवा. मंग गाडी घेऊन देवळापाशी या."

मला गहिवरूनच आलं. माणसाला मुक्काम एवढा आवडला की तो वाढवायचा म्हणतो! मी कामाला लागलो. ताडपत्री बांबूंवर दुमडून ताणली होती, ती उलगडून दुप्पट केली. गाडीतल्या खुर्च्या, चटया, डबे, दुसरी शेगडी, सगळं बाहेर मांडलं. आता चूल वाढवायची म्हणजे काय? सासूबाईंचा माहेरचा पितळी गंज होता, वरातीला पुरेल एवढा. त्यात सासऱ्यांच्या दुकानातून आणलेले तांदूळ आणि डाळ ओतून मी काठोकाठ खिचडी रांधली. सासूबाईंचा अभिषेक कधीच लवकर आटोपत नाही, त्यामुळे खिचडी शिजून, गॅस बंद करून, गंजावर झाकण ठेवूनही वेळ उरला.

शेजारी एक कोळीदादा जाळं उकलत बसले होते. इतका पसारा पाहून त्यांनी विचारलं, "हे कुठचं होय जी?"

"भंडाऱ्याचं," मी म्हणालो. मी भंडाऱ्याला राहतो, सामान भंडाऱ्याचं, यात गैर काय? त्यांनी मात्र चक्क हात जोडले. माझ्यातला मास्तर त्यांनी ओळखला असावा. शिक्षकी पेशाबद्दल एवढा आदर अजून शिल्लक आहे, हे पाहून मला बरं वाटलं. जरा लक्ष ठेवा, आम्ही आलोच, असं सांगून मी गाडी देवळाकडे घेतली.

सासरेबुवांनी गाडीत बसताच विचारलं की सगळं वाढवलं ना. मी म्हणालो, वाढवायचं काहीच शिल्लक ठेवलं नाही. त्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि काशीलाही असंच झपाट्यानं काम झालं पाहिजे म्हणाले. मग गाडी दुकानाकडे घ्यायला सांगितलं. साकोलीच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान आहे. जेवणाला लोणचं-पापड घ्यायचे असतील, असं मी धरून चाललो. साडूच्या हसण्याची आठवण काढून मी वाटेत शीळसुद्धा वाजवली.

दुकानाशी पोचल्यावर सासरेबुवांनी शटर उघडलं, देवाला उदबत्ती लावली आणि गादीवर बसले. लोणच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाई मात्र गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"जवाईबापू, माहा गंज कुठी हाय?"

"तलावावर."

"काहून?"

"खिचडी आहे ना त्यात."

मग माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला आणि भर बाजारात माझी शिकवणी घेतली. त्यांच्या घरात 'बंद करा', 'आवरा', 'संपलं' असले अशुभ शब्द कोणी उच्चारत नाही. दुकान बंद करायचं तर ते वाढवायचं. दिवा विझवायचा तर वाढवायचा. तसाच मुक्कामही वाढवायचा, म्हणजे गुंडाळायचा. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! मी शाळेत मराठीच शिकवतो. 'दुकान वाढवणे' हा वाक्प्रचार मी दरवर्षी मुलांकडून घोकून घेतो. पण परीक्षेत तलाव येईल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासरेबुवांनी उघडलेलं दुकान पुन्हा वाढवलं आणि आम्ही तलावाकडे उलटे फिरलो. वाटेत ते एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होते, "वाढवा म्हणलं का गुंडाळाचं. ध्यानात ठेवा." मी ध्यानात ठेवलं.

तलावावर पाहतो तर दुप्पट ताडपत्रीखाली पंगत बसलेली! समोर पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या. कोळीदादांनी भंडाऱ्याचा निरोप सगळ्या गावाला दिला होता, आणि भंडारा म्हटल्यावर माझं शहर कुणाला आठवतं? त्यांनी पुढे येऊन सासरेबुवांना नमस्कार केला. "शेठजी, तुमचीच वाट पाहून राहिलो. मालकाच्या हातानं सुरुवात झाली पायजे."

सासरेबुवांचा राग बघता बघता उतरला. गावासमोर धर्मात्मा ठरण्याची संधी व्यापारी माणूस सोडत नाही. त्यांनी टोपी नीट केली, छाती काढली, माझ्याकडे पाहून चक्क हसले. काशी पुन्हा माझ्या गाडीच्या टप्प्यात आली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हं जवाईबापू, वाढा आता."

एकच चूक दोनदा करणाऱ्यांतला मी नाही. मी धावत जाऊन मधला बांबू उपटला.

ताडपत्री पंगतीवर बसली. तिच्या खालून लहान मुलं रडायला आणि म्हातारे शिव्या द्यायला लागले. गंज कलंडला आणि खिचडी उताराच्या वाटेनं तलावाकडे निघाली. माशांचा भंडारा तेवढा यथासांग झाला. सासूबाई गंजाकडे धावल्या, बायको ताडपत्रीखाली शिरून एकेकाला बाहेर काढू लागली, आणि मी हातात बांबू घेऊन शाबासकीची वाट पाहत उभा होतो.

सामान गाडीत भरून आम्ही परत निघालो. साकोली आल्यावर सासरेबुवा अंगावरची शितं झटकत उतरले आणि खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या गाडीतून काशीले जाचा बेत वाढवला."

या वेळी अर्थ मला लगेच कळला. उगाच का मी इतकी वर्षं मराठी शिकवतोय?