कुठला गुडघा?

बहरीनमध्ये सित्राच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. अमेरिकन फुटबॉलवर पैसे लावायचा, पण अभ्यास केल्याशिवाय नाही. कुठल्या खेळाडूचा गुडघा दुखावलाय, कुठल्या मैदानावर वारा सुटणार, सगळं वहीत टिपलेलं. "नशिबावर मूर्ख खेळतात," म्हणायचा.

एका सकाळी बसमध्येच त्याला गावाहून त्याच्या बायकोचा फोन आला. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"कुठला गुडघा?" त्याने विचारलं.

"अहो, दोन वर्षं लंगडतायत त्या!" तिचा आवाज मलाही ऐकू आला. फोन कट झाला. त्याने वही मिटली.

काय माणूस आहे, मी मनात म्हटलं. आणि उतरताना विचारलंच, "रविवारी कोणावर लावू?"