लवंग टोचलेला तुकडा

मामांनी चाळीस वर्षं ताटं वाढली, पण ती कुणी खाऊ नयेत म्हणूनच. नाटक कंपनीत प्रॉपर्टीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. राजाची तलवार, सुनेचं पत्र, वकिलाचा चष्मा, आणि मेजवानीचा प्रवेश असला की मेजावरचं जेवण. प्लास्टरचा पाव, मेणाची द्राक्षं, कापसाची साय. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यावरून कंपनीनं त्यांचं नाव ‘हुबेहूब’ ठेवलं आणि पुढे तिकीट खिडकीवरच्या माणसालाही त्यांचं खरं नाव आठवेना.

पण नटाला भर प्रवेशात एक घास तरी खरा खावा लागे. त्यासाठी मामांची एक पद्धत होती. ताटाच्या कडेला, उजव्या हाताशी, एकच तुकडा खरा. त्यात एक लवंग टोचलेली. दिव्यांनी डोळे दिपलेला नट हात पुढे करी, बोटाला लवंग लागली की निर्धास्त तोंडात टाकी. तो तुकडा मामांची बहीण घरून करून द्यायची. सफरचंदाची फोड, साखरेत मुरवलेली, मंद आचेवर भाजलेली, वर चिमूटभर मीठ आणि मिरपूड.

“अहो हुबेहूब, दोन ठेवत जा की!” थोरले नट एकदा म्हणाले.

“दोन ठेवले तर संवाद विसराल,” मामा म्हणाले.

एका प्रयोगाला कंपनीच्या सुतारानं तो तुकडा विंगेतच गट्टम केला आणि थोरल्या नटांनी हाऊसफुल्ल गर्दीसमोर प्लास्टर चावलं. मामांनी सुताराशी वर्षभर अबोला धरला. स्वतः तर त्यांनी तो तुकडा कधी जिभेलाही लावला नाही. बहीण होती तोवर तिच्या हातचा घास ते दुसऱ्यांच्या ताटात ठेवत राहिले. तो नटाचा, बस्स.

बहीण गेली. तिची मुलगी मामा-मामींच्या घरात आणि कंपनीच्या ट्रंकांमध्ये वाढली. मेणाच्या द्राक्षांशी खेळलेली ही भाची मोठेपणी खऱ्या स्वयंपाकाकडे वळली. दहा-बारा वर्षं ठिकठिकाणी दुसऱ्यांच्या हाताखाली कांदे चिरले, आणि आता शहरातल्या सगळ्यात गाजलेल्या ब्रंचच्या रेस्टॉरंटात आचारी म्हणून लागली होती. न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर घाई, अशा वेळी तिथे रांगा लागत.

“मामा, रविवारी अकराला दोघं या,” ती म्हणाली. “मला बाहेर येता यायचं नाही. पण तू ताट नीट बघून खा. मला एकच गोष्ट विचारायचीय, आणि ती तुलाच विचारता येईल.”

“आत्ताच विचार की!”

“खाल्ल्यावर.” ती एवढं म्हणाली आणि लहानपणी लपाछपीत लपायची तशी हसली.

रविवारी मामांनी इस्त्रीचा सदरा घातला. रांगेत तासभर गेला. मामी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत म्हणाल्या, “तुमच्या शंभराव्या प्रयोगालाही एवढी गर्दी नव्हती हो.” आत टेबल मिळालं ते एवढंसं, की दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती. मामींनी मेन्यूकार्ड उघडलं, किमती पाहिल्या आणि चुकून कुणाच्या न्हाणीघराचं दार उघडल्यासारखं झटकन मिटलं.

ताट आलं. काळ्या दगडी पाटीवर उभा रचलेला पाव, त्यावर अंडं, अंड्यावर फिका फेस, फेसात इवलीइवली फुलं. आजूबाजूला जो तो जेवणाआधी फोटो काढत होता. मामांनी फोटो काढला नाही. ते खुर्ची मागे सरकवून, पहिल्या रांगेतून बघावं तसं लांबून बघत राहिले.

“हुबेहूब,” ते पुटपुटले. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

मग खायला लागले आणि सगळं ओम फस्स झालं. पाव गारढोण आणि दगड. अंडं वरून कोमट, आत थंड. फेस जिभेवर ठेवला की गायब, मागे चव म्हणून काही नाही. तासभर रांगेत उभं राहून माणसं हे खातात, वर वाहवा करतात! मामांनी नेटानं अर्धं संपवलं. उजव्या कडेला एक तपकिरी फोड होती, तिच्यात लवंग. मामांच्या काट्यानं तिला वळसा घातला. डोळ्यांनी पाहिलं, हातानं सोडलं, मध्ये डोकं आलंच नाही.

“अहो, ते का ठेवलंत?” मामींनी विचारलं.

“ते नटाचं.”

“इथे कुठला नट आलाय मेला!”

मामा उत्तर देणार एवढ्यात वेटर वाकून म्हणाला, “कसं वाटलं, आजोबा?”

मामांनी नखानं पाव वाजवला. ठक, ठक. शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या.

“चाळीस वर्षं नाटकांसाठी प्लास्टरचे पाव केले मी,” मामा म्हणाले. “इतका कडक नाही जमला कधी. आणि माझा निदान दुसऱ्या प्रयोगाला चालायचा!”

हशा पिकला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. मामांच्या अंगावर काटा आला. उभ्या आयुष्यात ते उजेडात आले नव्हते. पडदा पडल्यावर सगळी कंपनी लवून नमस्कार करी, तेव्हा हे विंगेत तलवारी मोजत असायचे. आज पहिल्यांदा हशा त्यांचा होता.

“आणि हा फेस म्हणजे आमच्या मॅनेजरचं आश्वासन. तोंडात पडलं की नाहीसं!”

आता टाळी पडली. मामींनी बाही ओढली. “बसा हो. पोरगी आत आहे.”

मामांना ते ऐकू आलं. पण टाळी जास्त मोठ्यानं ऐकू येत होती. त्यांनी पाटी स्वतःच्या हातानं उचलून वेटरला दिली. “जा घेऊन! आत सगळ्यांना दाखवा, म्हणावं, परीक्षक नापास करून गेले!” आणि ते चक्क उभे राहून लवले.

लवून वर बघतात तो समोर स्वयंपाकघराची मोठी काच. काचेमागे पांढऱ्या ॲप्रनांची लगबग चाललेली, आणि त्यातला एकच ॲप्रन जागच्या जागी उभा.

थोड्या वेळानं भाची बाहेर आली, हात पुसत. चिडली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

“पाव कडकच आहे,” ती हळू म्हणाली. “तो बाहेरून येतो. फेस मालकाचा. त्यातलं मला काही बदलता येत नाही. एकच वस्तू माझी होती, तीसुद्धा आजच्यापुरती, मालकाला विनवून. लवंग दिसली नाही तुला?”

“दिसली गं.”

“मग?”

“हात गेला नाही. तो नटाचा असतो ना...”

“आज नट तूच होतास, मामा.”

मामांची नजर टेबलावर पाटीच्या रिकाम्या जागेकडे गेली.

“आईसारखा जमलाय का, एवढंच विचारायचं होतं,” ती म्हणाली. “आईचा तुकडा रोज बघितलेला आता तूच एक उरलास.”

बघितलेला. खाल्लेला नव्हे. हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी विचारलं, “आत दुसरा असेल ना?”

“एकच केला होता. एकच असतो ना.” ती आत गेली.

मामा वळले. जे हसले होते त्यांच्यासमोर, त्याच आवाजात, आपलं चुकलं म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. पण ती टेबलं रिकामी होऊन पुन्हा भरली होती. नवी माणसं नव्या पाट्यांचे फोटो काढत होती. मामींनी त्यांची छत्री त्यांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी मामा एकटेच रांगेत उभे राहिले. तीच पाटी मागवली. वेटरनं ओळखलं आणि आणखी दोघांना कोपरानं ढोसून बोलावलं. “आजोबा, आज काय ऐकवणार?” तिघं हसू तयार ठेवून उभे.

मामांनी मान खाली घातली आणि खायला लागले. थंड अंडं, फेस, फुलंसुद्धा. पाव दातांनी तुटेना, तर पाण्यात बुडवून खाल्ला. वाट पाहून वेटर पांगले. शेवटी मामांचं बोट सवयीनं पाटीच्या उजव्या कडेला गेलं. तिथे काही नव्हतं.

पावाच्या शेवटच्या तुकड्यानं त्यांनी पाटी लख्ख पुसली आणि काचेकडे वळवून धरली. भाचीनं एकदा पाहिलं. मग मान वळवून ती पुढचं ताट लावू लागली.